चिखलातलं रिंगण

किनाऱ्यावरच्या जुन्या तटबंदीचं उद्यान झालं, तेव्हापासून दर हिवाळ्यात तिथे पक्षी मोजतात. तिसऱ्या पायवाटेची मोजणी अकरा वर्षं एका नवरा-बायकोकडे होती. ती नकाशे काढणाऱ्या कचेरीतून निवृत्त झालेली, आणि मास्तर, म्हणजे तिचा नवरा, शाळेत विज्ञान शिकवून. ती दुर्बिणीतून बघून आकडे सांगायची, मास्तर लिहायचे. "चुकलं तर तुझं, जुळलं तर आपलं," हा त्यांचा दरवर्षीचा विनोद. ती हसायची नाही, पण तो ऐकल्याशिवाय मोजायला सुरुवातही करायची नाही.

त्या सकाळी वारा पडला होता आणि समुद्र पार मागे गेला होता. तोफांच्या चौथऱ्यांपाशी चार बगळे, पडक्या जकातघराच्या छपरावर सतरा होले, एवढं लिहून झालं. मग तटाच्या टोकाला, जिथून दगडी पायऱ्या चिखलात उतरतात, तिथे तिने दुर्बिणीचा तिपाया उभा केला. खाली चिखल्या आणि तुतारी हे छोटे पाणपक्षी इतक्या दाटीने चरत होते की तीळ ठेवायला जागा नव्हती. मोठा थवा ती दहा-दहाच्या गठ्ठ्यांनी मोजायची. बाराशेपर्यंत आली आणि थांबली.

थव्याच्या मधोमध एक मोकळं रिंगण होतं. आत नुसता ओला चिखल.

"पुढे?" मास्तरांनी विचारलं.

"थांबा जरा. ते सरकतंय."

मास्तरांनी दुर्बिणीला डोळा लावला. बराच वेळ बघितलं. "ससाणा असेल वर."

"ससाणा असता तर सगळे उडाले असते. हे नुसते बाजूला होतायत."

माणूस चिखलात चालू लागला की हे पक्षी लगेच उडत नाहीत. आठ-दहा पावलांवरून वाट देतात आणि तो पुढे गेला की मागे जागा भरून टाकतात. रिंगण तेवढंच होतं, आणि कोणी रमतगमत चालावं तसं सरकत होतं. तिने पाऊलखुणा शोधल्या. एकही नव्हती. कारण सापडेना म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

उद्यानाचा रखवालदार सायकल ढकलत वाटेने आला. तिने त्याला बोलावून दाखवलं. तो दुर्बिणीपाशी गेलाच नाही.

"चार दिवस झाले, बाई," तो म्हणाला. "आधी पार पाण्याच्या कडेला होतं."

"मग वरच्यांना कळवलंत?"

"काय कळवू? चिखलात पक्षी नाहीत म्हणून?" त्याने सायकल वळवली. "दुपारी भरती आली की दिसत नाही. तुम्हीसुद्धा फार थांबू नका."

मास्तरांना हे सहन होणारं नव्हतं. उभ्या आयुष्यात त्यांनी एकही प्रश्न अर्धवट सोडला नव्हता. घरातला नळ गळला तरी आधी का गळतो ते शोधायचे, मग प्लंबरला फोन. त्यांनी वही तिच्या हातात दिली आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

"अहो, नका जाऊ."

"अगं, खाली गॅस असेल. दलदलीत असतो. पाहूनच येतो."

"मोजणी राहू दे. आपण घरी जाऊ."

"पाच मिनिटं," ते म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

तिने दुर्बीण त्यांच्यावर रोखली. मास्तर चालू लागले तसे पक्षी बाजूला झाले आणि त्यांच्याभोवतीही एक रिंगण पडलं. आता चिखलात दोन रिंगणं होती. दोन्ही सारखीच.

पहिलं थांबलं. मग त्यांच्या दिशेने वळलं.

तिने हाक मारली. मास्तरांनी मागे न बघता हात हलवला.

रिंगणं एकमेकांना टेकली, एकमेकांत मिसळली. मधोमध मास्तर उभे होते, मान किंचित पुढे काढून, कोणी हळू आवाजात बोलत असावं आणि ते ऐकत असावेत तसे.

किती वेळ गेला, तिला सांगता आलं नसतं.

मग रिंगण निघालं. सावकाश, समुद्राकडे.

मास्तर जागच्या जागी होते, आणि पक्षी त्यांच्याकडे परत येत होते. दहा पावलं. पाच. एक चिखल्या त्यांच्या दोन पायांमधून चरत गेला.

ते परत निघाले. भरल्या थव्यातून सरळ चालत आले. एकही पक्षी बाजूला झाला नाही.

"काही नाही गं," पायऱ्या चढून येत ते म्हणाले. आवाज त्यांचाच होता. "नुसता चिखल आहे. लिही पुढे."

"गॅस होता?"

"कसला गॅस?"

तिने वही मिटली, तिपाया दुमडला, आणि त्यांचं कोपर धरून परतीच्या वाटेला लागली. हात उबदार होता. नेहमीसारखाच. फाटकाजवळच्या बाकावर ते पायांचा चिखल खरवडायला बसले. ती पाण्याची बाटली काढायला पिशवीत वाकली.

वर पाहिलं तर एक धोबी पक्षी शेपटी हलवत त्यांच्या गुडघ्यावर बसला होता. दगडावर पुसावी तशी त्याने चोच पुसली. आधी एका बाजूने, मग दुसऱ्या.

मास्तर समुद्राकडे बघत होते.