पाणी उनं!

“रत्ना, पहिला ॲटमबाँब मीच लावणार हं!” मंदार कुजबुजला.

“मग कुजबुजतोस कशाला? भुताला घाबरलास वाटतं!”

“मी? हॅट!”

म्हणाला खरा, पण त्याची नजर सारखी तळ्याकडे जात होती. नरकचतुर्दशीची पहाट. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी ‘सरोवर विलास’ हॉटेलच्या व्हरांड्यात दोघंच उभे. एकेकाळी इथे बँड वाजायचा, झुंबरं लखलखायची, बड्या बड्या पाहुण्यांच्या होड्या थेट खालच्या खोल्यांच्या खिडक्यांशी लागायच्या! मग एका दिवाळीत पूर आला आणि हॉटेलला जे कुलूप लागलं, ते मंदारच्या बाबांनी या दिवाळीत उघडलं. पाहुणे सगळे पुण्याचे. रत्नाची आजी भिकुबाई इथे स्वयंपाक करायची, म्हणून मंदारची आणि रत्नाची गट्टी जमलेली.

“काल रात्री मॅनेजरकाकांनी सांगितलं ना,” मंदार म्हणाला, “त्या पुराच्या पहाटे पुना नावाचा नोकर खालची दारं ठोठावत होता. ‘पाणी ऊन! पाणी ऊन!’ लोकांना वाटलं, आंघोळीचं गरम पाणी आलं. म्हणाले, ‘ठेव दारात!’ आणि परत झोपले. तेवढ्यात पूर! लोक कसेबसे वाचले, पुना बुडाला; त्याचं भूत अजून तळ्यावर ओरडतं. हे ऐकून आपले पाहुणे पोट धरधरून हसले, म्हणे पूर आलाय आणि हा वेडा आंघोळीचं पाणी वाटत फिरतोय! मी मात्र रात्री दोनदा किंचाळून उठलो.”

रत्ना हसली नाही. “पुना माझ्या आजीचा बाप,” ती हळूच म्हणाली. “हॉटेलातली ही गोष्ट ऐकून गावातसुद्धा ‘ऊनपाण्या पुना’ म्हणून चिडवतात.”

मंदार एवढासा झाला. काहीतरी बोलावं म्हणून त्याने तोंड उघडलं, आणि...

“पानी उनंऽऽ! पानी उनंऽऽ!”

अंधारातून, तळ्यावरून आवाज आला! मंदारच्या हातातली काडेपेटी गळून पडली. “त-तोच! ऊन पाणी म्हणतोय! रत्ना, पळ!”

रत्ना मात्र कान देऊन ऐकत राहिली.

“अरे, हा तर तळ्याच्या बांधावरचा राखणदार वनाभाऊ! आणि ऊन नाही रे, उनं! आमच्याकडे उनं म्हणजे आलं! पाणी आलं!”

दोघांनी वाकून पाहिलं. तळ्याच्या पायऱ्या दिसेनात! इथे आभाळ कोरडं होतं, पण डोंगरावर रात्रभर विजा चमकत होत्या.

“खाली आई झोपलीय! चिंगी झोपलीय!” मंदार रडवेला झाला. चिंगी त्याची धाकटी बहीण, जेमतेम चार वर्षांची.

जिन्यात मॅनेजर कारखानीस शाल गुंडाळून आडवे आले. “पाहुण्यांना उठवायचं नाही!”

“काका, पूर येतोय!”

“पूर? कालची गोष्ट डोक्यात बसलीय! जा, झोपा!”

दोघं त्यांच्या हाताखालून निसटले. मंदारने दारं बडवली. “उठा! पूर आलाय!”

“मंदार, पुरे झालं तुझं भूत!” आतून एक काका खेकसले. “रात्री दोनदा झालंय!”

आता काय करायचं? खालच्या दाराच्या फटीतून पाणी आत यायला लागलं होतं. रत्नाने डोळे मिटले आणि एकदम बेंबीच्या देठापासून ओरडली, “ऊन पाणी संपत आलं होऽऽ! वरच्या न्हाणीत दोनच हंडे उरलेत! उशिरा येईल त्याला गार पाणी!”

धडाधड दारं उघडली! टॉवेल, उटणं, साबण घेऊन पुणेकर मंडळी धक्काबुक्की करत वर धावली. भुताला भीत नाहीत, पुराला भीत नाहीत, गार पाण्याला मात्र भितात!

“चिंगी कुठंय?” वरून आईची किंकाळी आली. “मला वाटलं, मंदारजवळ आहे!”

मंदार परत खाली धावला. पाणी गुडघ्यापर्यंत आलेलं, काळं आणि गार. भीतीने त्याचे दात वाजत होते, तरी तो गेला. चिंगी पलंगावर उभी राहून भोकाड पसरत होती. त्याने तिला खांद्यावर टाकलं, रत्नाने जिन्यातून हात दिला, आणि मागे सगळ्या खिडक्या खळ्ळकन् फुटल्या. तळं आत शिरलं!

उजाडल्यावर बाबांनी दोघांना जवळ घेतलं. “तुमच्यामुळे सगळे वाचले रे!” कारखानीस मान खाली घालून उभे होते.

भिकुबाई चुलीजवळून उठून आली. “रत्ना, मना बाप काय वरडत व्हता?”

“पानी उनं, आजी.”

म्हातारी मटकन खाली बसली. “बठ्ठा, सगळा लोके हसनात वं त्याले. तो तं जागं करत व्हता!” आणि पदर तोंडाला लावून ती रडू लागली.

कारखानीस तिच्यासमोर वाकले. “आजी, चुकलो. काल सर्वांत मोठ्याने मीच हसलो होतो.”

मंदार गुपचूप व्हरांड्यात गेला. खाली तळं अजून गढूळ, फुगलेलं. थोडी भीती अजून वाटतच होती. तरी त्याने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि जोरात हाक मारली, “पुनाआजोबाऽऽ! ऐकू आलं होऽऽ!”