नववी मोटार

शिशिरा या उपग्रहावरच्या वसाहतीत खंडेनवमीला सकाळी अकरा वाजता आठही मोटारी बंद झाल्या. त्यांतली एकही आता सुरू करता येणार नाही, हे कालिंदी सावरगावकरच्या लक्षात आलं तेव्हा चार वाजले होते.

वसाहतीत एकशे चाळीस माणसं. भिंतीबाहेर निव्वळ मिथेन वायू आणि उणे एकशे चाळीस अंशांची थंडी. मोटारी बाहेरच्या बाजूला बसवलेल्या होत्या. त्यांचे दांडे भिंतीतून आत येऊन पंखे फिरवत, आणि पंखे ऊबदार हवा खोल्याखोल्यांतून खेळवत. दर खंडेनवमीला एकेका मोटारीला तासाभराचा विसावा देऊन हळदकुंकू वाहण्याची इथली रीत होती. यंदा मोटारींची व्यवस्था पाहणाऱ्या कालिंदीनेच बैठकीत हळूच विचारलं होतं, "एकीला विसावा आणि सातजणी राबतात, हा कसला मान?" सगळ्यांना ते पटलं. पंखे थांबले तरी श्वासापुरती हवा दहा तास पुरते, हा हिशेब तिने दोनदा केला होता. विसावा सहाच तासांचा होता.

हिशेब बरोबरच होता. फक्त तो श्वासाचा होता.

"ताई, या मोटारी ज्वालारोधक आहेत ना?" वीजतंत्रज्ञ इक्बाल मुजावर म्हणाला. "मग चालू करायला भीती कसली?"

"ज्वालारोधक म्हणजे स्फोट होतच नाही असं नव्हे, इक्बाल. स्फोट होऊ द्यायचा, पण आतल्या आत. कवच जाड असतं आणि झाकणाच्या सांध्यात केसाएवढी फट ठेवलेली असते. ज्वाला त्या फटीतून बाहेर येईतो थंड होऊन विझते."

"मग होऊ दे की एखादा ढुम्!"

"मोटार श्वास घेते रे. तापली की आतला वायू फुगून बाहेर पडतो, गार झाली की बाहेरचा आत ओढते. आज ती साठ अंशांवरून थेट उणे एकशे चाळीसवर गेली. फटीतून मिथेन आत गेला, दांड्याच्या बाजूने आपली हवा. त्याच कवचात अडीचपट वायू कोंबलाय, म्हणजे दणकाही अडीचपट. त्यात या थंडीत ओतीव लोखंड काचेसारखं ठिसूळ झालेलं. आम्ही कवच निवडलं ते गरम मोटारीसाठी. तासाभराच्या विसाव्यात ती कोमट तरी राहायची."

"आणि फुटलं तर?"

"मोटारीपाठोपाठ भिंत."

तेवढ्यात वसाहतप्रमुख पाटसकर आले. दोघांचं बोलणं ऐकून त्यांचा चेहरा उतरला, पण जीभ नाही. "काय कालिंदीबाई, तुमच्या देवीने एवढं सांगितलं नव्हतं वाटतं?"

कालिंदीने मान खाली घातली. नऊ दिवसांच्या उपासाने आवाज आधीच बारीक झाला होता. "देवीने बुद्धी दिली होती, साहेब. मी ती पुरती वापरली नाही."

मग तीच म्हणाली, की प्रत्येक मोटारीच्या पोटात ओल धरू नये म्हणून एक लहानसा तापक असतो. एका मोटारीचा तापक लावू. ती साठ अंशांवर आली की जास्तीचा वायू आपोआप बाहेर सोडेल, कवच पुन्हा चिवट होईल. मग आत ठिणगी पडली तरी ते सोसेल. एक चालली की तिच्यामागून बाकीच्या.

तिने तापकाचं बटण दाबलं. तिघं मोटारीच्या तापमानाच्या काट्याकडे बघत बसले. हवा जड झाली होती, डोकं ठणकत होतं. तास गेला. काटा साठावर आला.

"बिस्मिल्ला करा, ताई," इक्बाल म्हणाला.

कालिंदीचं बोट चालू करायच्या बटणावर गेलं. पाटसकर दोन शाली गुंडाळून हात चोळत होते. "आटपा, बाई. इथे आमची कुल्फी झाली."

इक्बाल हसला. कालिंदीचं बोट तिथेच थांबलं. तिने भिंतीवरचा तापमापक पाहिला. सात अंश.

"सकाळी किती होतं?"

"बावीस. रोजचंच."

तिने बोट इतक्या सावकाश मागे घेतलं, की इक्बालचं हसू मावळलं. "कुणी हलू नका. कशाला हात लावू नका."

"आता काय झालं?"

"मोटारी आठ नाहीत, साहेब. नऊ आहेत. नववीत आपण बसलोय. घराचा दाब बाहेरच्या दाबाएवढाच ठेवलेला आहे, म्हणून सांध्यांतून काही येत-जात नाही. पण पंखे थांबले, ऊब थांबली, घर पंधरा अंशांनी गार झालं. आतली हवा विसाव्या हिश्शाने आकसली. ती जागा कशाने भरली असेल?"

विसावा हिस्सा म्हणजे पाच टक्के. हवेत मिथेन पाच टक्के झाला की एक ठिणगी पुरते, हे वसाहतीत लहान मुलांनाही शिकवलेलं होतं.

"वायुशोधक तर शून्य दाखवतायत!" पाटसकर म्हणाले.

"ते पंख्यांच्या नळीत आहेत. पंखे बंद, तर त्यांच्यापर्यंत हवा पोहोचवणार कोण?" तिने बटणाकडे पाहिलं. "बाहेरच्या मोटारी निवडायला सहा महिने घातले आम्ही. आतली बटणं अहवालात एका ओळीत उरकली. सुरक्षित क्षेत्र, ठिणगी उडणारी साधी बटणंही चालतील. तासापूर्वी मी यातलंच एक दाबलं. तेव्हा बारा अंश असतील, मिथेन कमी असेल, म्हणून आपण आहोत."

आणि दर मिनिटाला घर आणखी गार होत होतं.

"साहेब, तुम्ही पायी जा. ध्वनिक्षेपक नको. प्रत्येक खोलीत सांगा, कुणी बटणाला हात लावायचा नाही."

पाटसकर चवड्यांवर चालत गेले. इक्बालने श्वसनाचा सिलिंडर आणला, त्याची नळी बटणांच्या पेटीत सारली आणि झडप हाताने उघडली. स्वच्छ हवा पेटीत भरून फटींतून बाहेर वाहू लागली. त्या वाऱ्यात मिथेन आत शिरणार नव्हता. तिथे ठिणगी पडली तरी तिला खायला काही मिळणार नव्हतं. दोघं शंभर अंक मोजत थांबले. कालिंदी अंकांऐवजी नाम मोजत होती.

"झाले शंभर. दाबा."

"थांब. पंखे लागले, शोधकांना हवा पोहोचली. मग?"

"मग काय, धोक्याची घंटा वाजणार. खोलीखोलीत आहे. मी स्वतः बसवल्यात..." इक्बालचा हात नळीवर घट्ट झाला. "साध्याच आहेत, ताई. ठणठण करताना ठिणगी उडते त्यांच्यात."

"त्यांचा फ्यूज?"

"याच पेटीत."

वाहत्या हवेत हात घालून तिने तो उपसला आणि बटण दाबलं. भिंतीपलीकडे घुर्र झालं. दांडा अडखळला, मग फिरला. काही फुटलं नाही. शोधकाचा काटा शून्यावरून चढत पाचाच्या जरा पुढे येऊन उभा राहिला. घंटा मुक्या होत्या.

"राखीव हवेचं चाक फिरव, हातानेच. अर्ध्या तासात काटा खाली येईल. तोवर..."

दारात पाटसकर उभे होते, घामाने डबडबलेले. "सांगून आलो सगळ्यांना. एकूण एक माणसाला."

"काय सांगितलंत?"

"मोटार लागेपर्यंत कशालाही हात लावू नका म्हणून."

सभागृहाकडून टाळ्यांचा कडकडाट आला. आई राजा उदो उदोचा गजर झाला. मोटार लागली होती, घंटा वाजली नव्हती, म्हणजे सारं कुशल होतं. त्या गजरातून एक खणखणीत आवाज उठला, "चला, किटल्यांची बटणं दाबा रे! सहा तास चहा नाही!"

पंखा आता पुऱ्या वेगात आला होता. त्याच्या घरघरीत कालिंदीची हाक खोलीच्या दारापर्यंतही पोहोचली नाही.