कोथिंबीर फुलू देणारा

“अहो, थांबा! आपलीच माणसं मारताय!”

बांधापलीकडून हाक आली, तेव्हा तिच्या चिमटीत एक काळी, काटेरी अळी वळवळत होती. घेवड्याला आधीच मावा लागलेला, त्यात ही नवी पीडा... म्हणून ती सकाळपासून वेचून वेचून चिरडत होती.

“माणसं? ही?”

“ढालकिड्याची, त्या लाल ठिपकेवाल्या किड्याची पिल्लं आहेत. मावा खाऊनच मोठी होतात.”

तो शेजारच्या मळ्यात नवा आलेला. कडेची कोथिंबीर न विकता खुशाल फुलू दिली, म्हणून सगळे त्याला ‘फुलोजी’ म्हणत. तिनेही त्याला केव्हाच तोट्याच्या बाजूला मांडून ठेवलं होतं.

“मोठे ढालकिडे माझ्या फुलांवर येतात,” तो म्हणाला, “आणि अंडी घालतात तुमच्या घेवड्यावर. जेवणाची सोय बघून.”

“पिल्लं भयंकरच दिसतात.”

“लहानपणी मीही असाच दिसायचो. मोठेपणी मात्र...”

“फरक पडलेला दिसत नाही हो!”

तो खळखळून हसला. मग पानावर वाकून, श्वास रोखून, अळी मावा कसा फस्त करते ते बघत राहिला. एवढ्याशा जिवाचं इतकं कौतुक? — तिने अळीकडे कमी अन् त्याच्याकडेच जास्त पाहिलं.

घरी बाबा फवारणीचा पंप घासत होते.

“बाबा, आठवडाभर थांबा ना.”

“आणि पीक हातचं गेलं तर?”

“तर... तुम्ही आणाल त्या स्थळाला मुकाट्याने होकार देईन. पण वाचलं, तर स्थळं बघणं बंद!”

बाबांनी पंप तिथेच खाली ठेवला.

संध्याकाळी बांधावर तिने हे सांगितलं, तेव्हा फुलोजीचा चेहरा पडला. “असली पैज लावतं का कुणी?” दुसऱ्या दिवसापासून तो पहाटेच हजर. आपल्या मळ्यातल्या चवळीवरची पिल्लं पानासकट खुडून तिच्या वेलांवर अलगद सोडू लागला. बोलणं कमी, लाल होणारे कान जास्त.

आठवडा सरला. बाबांनी चष्मा लावून पानामागून पान उलटलं. मावा नावालाच उरला होता, शेंगा मात्र कोवळ्या, तुकतुकीत.

“जिंकलीस बाई! आता स्थळं बघणं बंद,” म्हणत ते पंप उचलून निघून गेले.

फुलोजीने सुटकेचा निःश्वास टाकला. “सात रात्री डोळा लागला नाही हो मला.”

“घेवड्याच्या काळजीने?”

“घेवड्याच्या... नाही.”

ती पदराआड हसली. “बाबा काही आता स्थळ आणणार नाहीत. म्हणजे मलाच बघावं लागणार.”

“मग?”

“मग काय... संध्याकाळी घरी या. आईला घेऊन.”