चौथं स्टूल

ते एकोणीसशे त्र्याण्णव साल. मी तिशी ओलांडली होती, दादाच्या भाषेत घोडनवरी झाले होते, आणि एका जुन्या इमारतीतल्या कारखान्यात नोकरीला होते. पहिल्या मजल्यावर आमचं सोल्डरिंग, दुसऱ्यावर आमचंच टेस्टिंग, तिसऱ्यावर दुसऱ्या मालकाचं शिवणकाम आणि अगदी वर त्यांचं कापडाच्या गठ्ठ्यांचं गोदाम.

आम्ही हातात मावणारे गेम बनवायचो. वरून ठोकळे पडतात, ते फिरवून नीट बसवायचे, आडवी ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते आणि वरचं सगळं एक घर खाली सरकतं, तो गेम. मूळ खेळ आमचा नव्हता. आमचे मास्तर, म्हणजे प्रोग्रॅम लिहिणारे गृहस्थ, त्याची नक्कल करत आणि नक्कल वाटू नये म्हणून दर खेपेला काहीतरी बदलत. एकात ठोकळे खालून वर जायचे, एकात त्रिकोणी असायचे, एकात चक्क मासे पडायचे. मासे एकमेकांत बसेनात, तो माल पडूनच राहिला.

"चोराने टोपी बदलली म्हणून चाल बदलत नाही," असं टेस्टिंगच्या मावशी म्हणायच्या. मास्तर ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

टेस्टिंगच्या खोलीत खिडकीखाली एक लांब टेबल होतं आणि त्यामागे दहा स्टुलं. पडद्यावरही दहाच उभे रकाने असतात, पण ते कुणी जुळवून केलेलं नव्हतं. टेबल तेवढं होतं, इतकंच. प्रत्येकीने नवा गेम चालू करायचा, एक ओळ भरेपर्यंत खेळायचं, 'टुंई' आवाज आला की बंद करून ट्रेमध्ये टाकायचा. माझं काम उभ्याचं. खालून भरलेले ट्रे आणायचे, तपासलेले न्यायचे.

स्टुलं दहा, बायका नऊ. डावीकडून चौथ्या स्टुलावर मावशींची पिशवी असायची. जुन्या बायका त्या जागेला 'फट' म्हणत. मी एकदा दमून तिथे टेकायला गेले तर मावशींनी माझं मनगट धरलं.

"दिवसभर बघतेस ना, ओळ भरली की काय होतं ते?"

"मावशी, आपण काय ठोकळे आहोत?"

"तुझ्याकडे बघून तसंच वाटतं," त्या म्हणाल्या. सगळ्या हसल्या. मनगट मात्र त्यांनी मी दोन पावलं मागे सरेपर्यंत सोडलं नाही.

त्या वर्षी माझी धाकटी बहीण घरी बसून होती. तिचं दुकान बंद पडलं होतं आणि दादा उठता-बसता तिला टोमणे मारायचा. आम्ही तिघं भावंडं: दादा, मी मधली आणि ही धाकटी. माझ्यापेक्षा बरीच लहान, त्यामुळे तिला निम्मी मीच वाढवली. तिच्या तोंडाला कुलूप नव्हतं. एके दिवशी मी घरी विसरलेला चष्मा द्यायला ती कारखान्यात आली आणि साहेबांकडून नोकरी घेऊन गेली.

"जागा कुठे आहे पण?" मी विचारलं.

"आहे की, एक स्टूल रिकामं. साहेब म्हणाले, पिशवीला पगार देत नाही आपण."

साहेबांना घाई होती. मास्तरांनी नवीन गेम केला होता आणि मोठी मागणी आली होती. या खेपेचा बदल अगदी साधा होता, म्हणून मला तो आवडला होता. ठोकळे नेहमीचेच, फक्त ते जरा सावकाश पडायचे, तळाशी पोचण्याआधी क्षणभर थांबायचे, जागा बघून घेतल्यासारखे.

धाकटी सोमवारी येणार होती. त्याआधीच्या आठवड्यात मी ट्रे ठेवताना सहज पडद्यांकडे पाहिलं. नऊ पडद्यांवर एकच ठोकळा उतरत होता. तो बसला, पुढचा आला, तोही नऊ ठिकाणी एकच. मी मास्तरांना सांगितलं.

"शक्य नाही," ते म्हणाले. "क्रम दर वेळी वेगळाच लागतो. चालू करायची वेळ एक नाही, हात एक नाही."

ते वर आले, टेबलामागून हळूहळू चालत गेले आणि तसेच खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी मला आणखी एक गोष्ट दिसली. नऊही जणी आपापल्या परीने खेळत होत्या, कुणी डावीकडून रचायची, कुणी उजवीकडून, पण प्रत्येकीच्या तळच्या ओळीत एकच घर मोकळं राहत होतं. डावीकडून चौथं. ते भरायला लागणारी लांब पट्टी येतच नव्हती. ट्रे रिकामे राहायला लागले. साहेब मास्तरांवर ओरडले, मास्तर सोल्डरिंगवर ओरडले. मावशी कुणावरच ओरडल्या नाहीत. त्यांनी पिशवीत घरून एक वीट आणून ठेवली.

रविवारी रात्री मी धाकटीला म्हटलं, "उद्या नको जाऊस. दुसरं काहीतरी बघू."

"का? तुझ्या हाताखाली नको म्हणून?"

"त्या जागेवर कुणी बसत नाही."

"मग मी बसेन," ती म्हणाली. "या घरात तरी मला कुठे जागा आहे?" भिंतीपलीकडून दादा खाकरला. माझ्याकडे कारण नव्हतं. जे होतं ते मोठ्याने बोललं की हसू आलं असतं.

सोमवारी साहेबांनी स्वतः पिशवी उचलली. विटेच्या वजनाने ते जरा वाकले.

"मावशी, घर बांधताय का?"

मावशी हसल्या नाहीत. त्यांनी धाकटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "खाली जा तू," त्या मला म्हणाल्या. "ट्रे आण. सावकाश ये."

धाकटी स्टुलावर बसली आणि मला डोळा मारला. साहेब त्यांच्या केबिनमध्ये गेले. मी खाली गेले.

ट्रे घेऊन जिना चढत होते. दुपारचं ऊन जिन्यावर पडलं होतं, वरून शिवणयंत्रांची घरघर येत होती. मी दोन मजल्यांच्या मधल्या वळणावर होते.

'टुंई.'

एकच आवाज. दहा ठिकाणांहून आलेला, पण एकच.

शिवणयंत्रं थांबली.

मग लिफ्ट खाली टेकते तसा हलका धक्का बसला. आमच्या इमारतीला लिफ्ट नव्हती.

मी धावले नाही. ट्रे घट्ट धरून उरलेल्या पायऱ्या चढले.

टेबलामागे दहा जणी बसल्या होत्या. माना खाली, अंगठे चालू. त्यांच्या कपड्यांना दोऱ्याचे तुकडे चिकटले होते. एकीच्या बोटात अजून अंगुस्तान होतं. ते बटणावर टकटक वाजत होतं.

वरच्या मजल्यावरच्या बायका.

"ठेव ना ट्रे," चौथ्या स्टुलावरची म्हणाली. "रोज काय नवीन बघतेस?"

साहेब केबिनच्या दारात आले. "काय झालं? पांढरी का पडलीस?"

"माझी बहीण?"

"कोण बहीण?"

मी तिसऱ्या मजल्यावर गेले. तिथे कापडाचे गठ्ठे होते, छतापर्यंत. आणखी एक मजला चढले. वरचा मजला मोकळा होता. फरशीवर धूळही नव्हती.

तिथून मी मावशींच्या घरी गेले. त्यांच्या थोरल्या जाऊबाईंनी दार उघडलं. आतून मावशींचा मुलगा त्यांनाच "आई, कोण आहे?" असं विचारत होता.

घरी पोचले तेव्हा आई ताटं मांडत होती. तीन ताटं. दादाचं, तिचं आणि माझं.

"धाकटे, हात धू," आई मला म्हणाली.

या गोष्टीला तीस वर्षांहून जास्त काळ झाला. साहेबांचा तो गेम भरपूर खपला. पुढे त्यांनी मोबाइलचं दुकान टाकलं आणि बायपासच्या ऑपरेशनमध्ये गेले. मास्तरांनी नक्कल सोडली, दुरुस्तीचं काम धरलं. मी एकदा भेटले तेव्हा म्हणाले, "सगळे गेम कधी ना कधी दुरुस्तीला येतात. तो एकही आला नाही." शिवणकामाच्या बायका कारखाना बंद होईपर्यंत टेस्टिंगलाच होत्या, चांगल्या होत्या. दादा मला आयुष्यभर धाकटी म्हणत राहिला, लाडाने. मधलीचे त्याने कधी लाड केले नव्हते. आई शेवटच्या आजारात मुलं मोजायची, दोनवर थांबायची आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायची.

मागच्या महिन्यात पाय सुजला म्हणून मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी एक्स-रे उजेडाला धरला.

"लहानपणी घोटा मोडला होता का तुमचा, आजी? जुनी मोड आहे. छान सांधली गेलीय."

माझा घोटा कधीच मोडला नव्हता. धाकटीचा मोडला होता, शाळेच्या भिंतीवरून उडी मारताना. तिला पाठुंगळीला घेऊन मीच घरी आणलं होतं.