डेल्मरची माणसं

दिवा आहे तसाच राहू दे, रॉय. मोठा केलास की डास येतात. ही ऐकीव गोष्ट नाही, पोरांनो. डेल्मर अस्रीनं मला ती स्वतः सांगितली, इथेच, ओसरीवर बसून.

डेल्मर तुम्हाला आठवत असेल. पिकअप घेऊन कबरस्तानं हिंडायचा. या नदीकाठच्या कुठल्याही घराची वंशावळ त्याला तोंडपाठ. कुणाची पणजी कुठून आली, कुणाच्या आजोबांनी दुसरा घरोबा केला, सगळं. लोक म्हणायचे, "आमचे पूर्वज उकरतोस लेका, तुझे कधी काढणार?" तो नुसता हसायचा. अनाथाश्रमात वाढलेला. आडनावसुद्धा तिथल्या स्वयंपाकिणीचं मिळालेलं. बायको नाही, पोर नाही.

दोन वर्षांमागे, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या दिवशी, बुधवारी, ओहायोतल्या एका बाईचा त्याला फोन आला. तिच्या पणजोबांची कबर नदीवरच्या जुन्या धक्क्यापाशी आहे, मॅब्री घराण्याच्या, फोटो मिळेल का? तिथला काठ नदी दर पुराला खाते. डेल्मर म्हणाला, आजच जाऊन येतो. दुसऱ्या दिवशी सगळं गाव आपापल्या माणसांत जेवणार. त्याला कुठे जायचं होतं म्हणा.

फोटो काढेपर्यंत अंधार पडला. पिकअपकडे येताना झाडांमागे उजेड दिसला. घर होतं. त्याला वाटलं, कुणी नवीन बांधलं असेल. ओसरीवर एक म्हातारी शेंगा सोलत बसली होती.

"कुणाचा रे तू?"

आपल्याकडे पहिला प्रश्न हाच. डेल्मर म्हणाला, "मी डेल्मर अस्री, बाई. गावातलाच."

"नाव नाही विचारलं. कुणाचा?"

जन्मभर टाळलेलं उत्तर तोंडून निघून गेलं. "कुणाचाच नाही."

म्हातारीचे हात थांबले.

"असं नसतं, बाळा. आत ये. ताटं वाढलीत."

आत लांब टेबल. बाया, पुरुष, पोरं. सगळ्यांच्या माना खाली. कुणी जेवत नव्हतं. एक खुर्ची रिकामी.

"बस ना. तुझ्यासाठीच थांबलेत."

डेल्मर मला म्हणाला, "भीती नाही वाटली रे. बसावंसं वाटलं. इतकं, की रडूच आलं."

त्यानं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. ओली. गार.

मग दिसलं... सगळ्यांच्या केसांतून पाणी ठिबकत होतं. ताटांत गाळ होता.

एका लहान मुलीनं मान वर केली...

तिच्या तोंडाबद्दल तो काही बोलला नाही. मीही विचारलं नाही.

"मला... जायला हवं."

कुणी अडवलं नाही. तो दारापर्यंत आला. मागून म्हातारीनं हाक मारली.

"हायरम..."

आणि तो वळला. आपल्या नावाला वळतो, तसा.

मग पळाला.

सकाळी आम्ही दोघं तिथे गेलो. घर नव्हतं. रान होतं, आणि विटांचं एक पडकं धुराडं. मॅब्रींचं घर माझ्या आजोबांच्या लहानपणीच पुरात गेलं. माणसांसकट. मी विचारलं, "हायरम कोण रे त्यांच्यातला?"

"कुणीच नाही," डेल्मर म्हणाला. "त्यांची सगळी नावं मला ठाऊक आहेत."

नंतर तो फारसा बोलेनासा झाला. संध्याकाळी पिकअप घेऊन कुठे जायचा, ते त्यालाच माहीत. मार्चमध्ये झोपेतच गेला. दफनाला पाद्री, मी आणि खड्डा खणणारा. नातेवाइकांसाठी मांडलेल्या खुर्च्या तशाच घडी करून उचलल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलं घेऊन गेलो. चर्च टेकडीवर, नदी तिथून दिसतसुद्धा नाही. कित्येक दिवस पाऊस नव्हता.

कबरीभोवती गाळ होता. नदीचा. अजून ओला.

त्यात पावलं... अनवाणी. पुरुषांची, बायकांची. सगळी कबरीकडे तोंड करून. दाटीवाटीनं.

आणि त्या सगळ्यांच्या मागे एका लेकराची. टाचा नव्हत्या. नुसती बोटं उमटलेली... पुढचं दिसावं म्हणून चवड्यांवर उभं राहावं, तशी.