हरबाजीची मूठ

शके सतराशे पंच्याऐंशी, कार्तिक वद्य चतुर्दशी. थंडी पडली होती आणि कापूस फुटला होता. समुद्रापार अमेरिकेत कोणी कोणाशी लढत होतं, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून इकडे वऱ्हाडात बोंडाला कधी नव्हे तो भाव आला. ज्यांना धड पागोटं बांधता येत नव्हतं त्यांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या. एकाने तर गाडीच्या चाकांना चांदीची धाव बसवली. ती पहिल्याच ओढ्यात दगडांवर घासून गेली आणि तो काठावर बसून रडला. हसू नका. तुमच्यापैकीच कोणाचा तरी पणजा असेल तो.

दार लोटून घ्या आणि नीट बसा.

खुशालराव हा त्याच मेळ्यातला माणूस. मन नदीच्या काठी, बाळापूरच्या जवळ, त्याचं काळ्या मातीचं शेत होतं. म्हातारपणी ओसरीवर बसून ही गोष्ट त्याने स्वतः सांगितली. भावात तो खोटं बोलायचा, वजनात तर हटकून बोलायचा. पण ही गोष्ट जितक्या वेळा सांगितली तितक्या वेळा शब्दाला शब्द तीच.

काम साधं होतं. गाडीभर कापूस रातोरात अकोल्याला न्यायचा. दलाल इनायतुल्लांचा निरोप आला होता, उजाडता गाडी आली तर आजचा भाव, उशीर झाला तर माझ्याशी भांडू नका. गाडीवान दुप्पट मजुरी मागत होता, म्हणून खुशालराव स्वतःच गाडी हाकणार होता. चांदीच्या घुंगरमाळांना पैसा होता. माणसाला नव्हता.

घरात मात्र त्याची आई, पार्वताबाई, तीन दिवस अन्नाला शिवली नव्हती.

त्याचं कारण असं. आपल्याकडे कापूस वेचण्याआधी बाया शेतात सीतादही करतात. सीतेची पूजा, दहीभाताचा नैवेद्य, आणि मग पहिलं बोंड. त्या गावात याशिवाय आणखी एक रीत होती. पहिल्या वेचणीची एक मूठ हरबाजीची. हरबाजी हा जुन्या काळचा कवी. सीतेची पोथी त्याने खुशालरावाच्याच बांधावर बसून लिहिली. गावाकडून दक्षिणा घेतली नाही. मागितलं ते एवढंच, की दरवर्षी या शेतातली पहिली मूठ द्या, रात्री लिहायला वात लागते. खुशालरावाच्या खापरपणज्याने बेलभंडार उचलून शब्द दिला. हरबाजी मेला, बांधावर त्याचा ओटा झाला, तरी मूठ चालू राहिली. घरच्या पुरुषाने ती ओट्यावर न्यायची आणि तिची वात करून दिवा लावायचा. बाया म्हणत, पोथी अजून पुरी झालेली नाही, दिवा लागला की हरबाजी लिहायला बसतो.

त्या वर्षी खुशालरावाने सीतादही केलंच नाही. वेचणाऱ्या बाया ताटकळत ठेवल्या तर मजुरी वाया जाते, म्हणाला. पार्वताबाईने पहिली मूठ स्वतः तोडून भिंतीतल्या देवळीत ठेवली. तो उद्या-उद्या करत राहिला. दिवा लागल्याशिवाय घास घेणार नाही, असं सांगून ती भिंतीशी निजली. तिसऱ्या दिवशी तिला कुशीवर वळवत नव्हतं.

त्या संध्याकाळी त्याने गाडी भरली आणि वजन वाढावं म्हणून कापसावर घागरीने पाणी मारलं. ही विद्या तेव्हा घरोघरी होती, मिरवून सांगत. मग तो आत आला आणि देवळीतली मूठ उचलून बाहेर निघाला. त्याची बायको रुख्मिणी पणती घेऊन दारात उभी होती.

"अहो, थे हरबाजीची हाय!"

"हरबाजी मेला. भाव जिता हाय." त्याने मूठ गाडीत फेकली आणि वर आणखी कापूस दाबला. मग आत तोंड करून ओरडला, "माय, आता मूठच नाई राह्यली. हट्ट कायचा? ऊठ अन् जेव!"

पार्वताबाईचा आवाज ऐकायला रुख्मिणीला आत जाऊन वाकावं लागलं.

"काय म्हनते बुढी?"

"म्हनते, तुमी जेवा."

तो जेवला. भरपेट जेवला, आणि निघाला.

बाळापूर मागे पडलं. रस्ता ओळखीचा, बैल ओळखीचे. पोटात भाकर, अंगावर घोंगडी. तो मनात वजन करत होता, पाण्यासकट. वाटेतलं व्याळा गाव गेलं तेव्हा तिथलं एक कुत्रं भुंकलं, आणि मध्येच गप्प झालं.

थोडं पुढे गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं की घुंगरमाळा वाजत नाहीत. बैल चालत होते. माळा हलत होत्या. आवाज नव्हता.

मग गाडी उलार झाली. मागे कोणी चढून बसावं तशी. जू बैलांच्या मानेवरून वर उचललं गेलं.

"हे नाई," मागून कोणी म्हणालं.

त्याच्या कानाजवळून काही पांढरं गेलं आणि रस्त्यावर पडलं.

"हे बी नाई."

खुशालरावाने वळून पाहिलं. कापसाच्या ढिगावर एक म्हातारा बसला होता. हाडकुळा, उघडा. एक पुंजका उचलायचा, मांडीवर वळायचा, वात डोळ्याशी धरायची आणि फेकून द्यायची.

"कोन हाय बे? उतर खाली!"

"नाव घे ना. तुह्यी माय रोज घेते."

"हरबाजी? … हरबाजी तं मेला."

"मेलो. तू जिता राहून काय उजेड पाडला?" म्हाताऱ्याने आणखी एक वात फेकली. "माह्या ओट्यावर तुह्या बैलाचा कडबा. माह्यी पोथी उंदरानं खाल्ली. अन् बैलाच्या गयात चांदी! भैताडा, बैलाले समजते का चांदी?"

खुशालरावाला पळता आलं असतं. पण मागे कापूस होता. खरं सांगायचं तर भुतापेक्षा त्याला फेकलेल्या पुंजक्यांचंच जास्त लागत होतं.

"फेकू नको बाप्पा! भावाचा माल हाय."

"माह्यी मूठ दे. मंग नाई फेकत."

"आता कुठून देऊ? हिसक्यानं समदा कापूस खालवर झाला. पुढच्या सालाले दोन घे."

"पुढच्या सालाले!" म्हातारा थुंकला. "लेका, सीतेले म्या रानात सोडली. पुढची ओवी लिहाची होती. दिवाच लागला नाई. तीन राती झाल्या, थे तिथंच उभी हाय. अंधारात."

"पोथीतली बाई थे. उभी राह्यली तं राहू दे."

म्हातारा हसला नाही, रागावलाही नाही.

"पाह्य तं खरं," तो म्हणाला.

रस्त्याच्या कडेला बाभूळ होती. बाभळीखाली एक बाई उभी होती. डोक्यावर पदर, तोंड अंधारात. गाडी तिच्या बाजूने गेली. ती हलली नाही.

"हे नाई," मागून आवाज. "हे नाई."

पुढे दुसरी बाभूळ. तिच्याखाली तीच बाई. आता खोडाला टेकलेली.

लुगडं ओळखीचं होतं. पदराला ठिगळ. ते ठिगळ त्याच्याच जुन्या पागोट्याचं होतं.

"माय…?"

"उभं राहून राहून पाय भरून येतेत, खुशाल्या. थे आता बसाले लागली. थे खाली बसली, का…"

"का काय?"

म्हातारा वात वळत राहिला.

"का काय, सांग ना!"

"हे बी नाई."

तिसरी बाभूळ. बाई वाकलेली. हात गुडघ्यांवर. श्वास ऐकू येत होता. एक. मग बराच वेळ काहीच नाही. मग एक.

दूर अकोल्याचे दिवे दिसायला लागले होते. दोन-चार, टेकडीवरून दिसावेत तसे. तिथे भाव होता. उजाडेपर्यंतच होता. खुशालराव त्या दिव्यांकडे पाहत राहिला. हे त्याने स्वतः सांगितलं, तेव्हा खोटं कशाला म्हणायचं? आई मरत होती, आणि तो पाहत राहिला.

पुढे चौथी बाभूळ होती.

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. कासरा ओढला. बैल थांबले.

"तूच शोध ना," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "तुह्यी मूठ, तुले नाई समजत?"

"मेलेल्या हाताले ओलं-कोरडं समजत नाई. माह्यी मूठ कोरडी होती. बाकी समदं तू भिजवलं."

"तुले कोनं सांगतलं, भिजवलं म्हून?"

"गाडी गळून राह्यली, भैताडा. रस्ताभर."

खुशालराव गाडीवर चढला. हात खुपसला. ओलं. आणखी खाली. ओलं. दोन्ही कवेत भरून त्याने कापूस खाली टाकला. रस्त्यावर. धुळीत. आणखी टाकला. घोंगडी पडली. पागोटं पडलं. हात गार पडले… ओलं. ओलं. मागे श्वास एकदा आला. मग आला नाही. तो थांबला नाही. टाकत राहिला. गाडीचा तळ लागला. फळी लागली. फळीच्या कोपऱ्यात, बोटांना…

कोरडं.

त्याने मूठ आवळली. वर पाहिलं तर गाडीत कोणी नव्हतं. घुंगरमाळा वाजायला लागल्या होत्या.

रिकामी गाडी वळवून त्याने बैल पळवले. तिन्ही बाभळी एकामागून एक गेल्या. खाली कोणी नव्हतं. ती चालत निघून गेली की खाली बसली, हे कळायला काही मार्ग नव्हता. कापूस रस्त्यावर पांढरा पडला होता. चाकं त्यावरून गेली. त्याने खाली पाहिलं नाही.

बांधावर पोचला तेव्हा पूर्व उजळायची होती. त्याने ओट्यावरचा कडबा हातांनी ओढून काढला. वात वळायला बसला. जन्मात वळली नव्हती. बाया हे काम बोलता बोलता करतात, त्याला ते जमेना. शेवटी जी झाली ती वात कसली, चऱ्हाट होतं. चाकांना घालायचं एरंडीचं तेल त्याने पणतीत ओतलं. चकमक झाडली. पेटेना. पुन्हा झाडली. पेटेना.

"हरबाजी," तो म्हणाला. पुन्हा चकमक झाडली.

तिसऱ्यांदा ठिणगी धरली.

ज्योत सरळ उभी राहिली. ओट्यावर उजेड पडला. ओटा रिकामा होता. पण बोरूने कागदावर लिहावं तसा आवाज यायला लागला. बारीक. अडखळत, मग भराभर. खुशालराव घाम पुसत बसला आणि ऐकत राहिला. मग आवाज थांबला, आणि तो घराकडे धावत सुटला.

अंगणात रुख्मिणी उभी होती. तिच्या हातात दुधाचं भांडं होतं.

"माय?"

तिने नुसती मान आत वळवली.

पार्वताबाई पाटावर बसली होती. पाठ भिंतीला टेकलेली, मान ताठ. समोर ताटात दूध-भाकर. ती जेवत होती. सावकाश, एकेक घास चावून.

तिच्यासमोर दुसरा पाट मांडला होता. दुसरं ताट होतं. जेवून पुसल्यासारखं स्वच्छ.

"हे कोनाचं?" खुशालरावाने विचारलं.

"सासूबाईनं वाढाले सांगतलं," रुख्मिणी दारातूनच म्हणाली. "म्हनल्या, थे रानातून लय दुरून चालत आली."

"कोन थे?"

रुख्मिणी खाली बघत राहिली. रात्रीच सारवलेल्या जमिनीवर काळ्या मातीची पावलं होती. बाईची, अनवाणी. उंबऱ्यापासून दुसऱ्या पाटापर्यंत.

परत जाणारी पावलं नव्हती.

पार्वताबाईने शेवटचा घास घेतला आणि ताटात हात धुतला. देणं फिटलं होतं.