केसरबाईंना घरी बोलावलं

बसा, चहा घ्या, मंग सांगते. घाबरायसारखं काही नाही. निदान मी तं कालपर्यंत घाबरली नव्हती.

दिवाळीच्या सुट्ट्या होत्या. आमच्या सौंसरच्या शाळेचा हॉल रिकामा होता, अन् तिथं भिंतीवर केसरबाईंचं जुनं तैलचित्र आहे. शाळेले जमीन देणाऱ्या मालगुजारीणबाई. ते चित्र म्हणे त्यांनी स्वतःच काढलं होतं, आरशात पाहून. माही मास्तरीण अश्विनी, बोरगावची पोरगी. वयानं माह्या लेकीएवढी, पण शिकवताना सासू! म्हणाली, "नलिनीकाकू, पहिले या बाईंची नक्कल करा. हात बसला की मंग आईचं चित्र."

आईसाठीच तं सारा खटाटोप. ती माहेरी, रामाकोन्याले वारली तवा मी लग्नाची पोर होती. तिचा एकबी फोटो नाही, अन् चेहरा मनातून पुसट होऊन राहिला होता. नाक आठवलं तं ओठ निसटत. बाप्पा, त्याचा जीवाले घोर लागला होता.

रोज दुपारी मी हॉलात बसे. जवसाच्या तेलाचा वास, बाहेर पारव्यांचं घुमणं, अन् समोर केसरबाईंची नजर. पहिले पातळ मातकट थर, मंग सावल्या, मंग उजेड. काय सुख होतं हो त्यात! कधी कधी मागून कोणी वाकून पाहून राहिलं असं वाटे... मानेवर श्वास... वळून पाहिलं तं कोणी नाही. मी म्हटलं, असू दे. शिकणाऱ्याच्या मागं कोणी उभं असलं तं बरंच.

नक्कल पुरी झाली. अश्विनीनं मान डोलावली, म्हणजे शंभर टक्के पास! निघताना मी केसरबाईंच्या चौकटीले हळदकुंकू लावलं, पुढं खण, नारळ अन् संत्री ठेवून ओटी भरली. सवाष्ण बाई, माही गुरूच झाली नं ती. अन् आपली बायकांची जीभ! सवयीनं निघून गेलं, "निघते बाई. या तुम्हीबी एखाद्या दिवशी घरी."

घरी आईचं चित्र सुरू केलं. डोळे जमले, पण ओठ काही केल्या येत ना. काढले, पुसले, पुन्हा काढले. शेवटी रडकुंडीले येऊन तसंच सोडलं अन् झोपली.

सकाळी पाहते तं आई! पुरी माही आई! ओठ, हनुवटी, सारं. रंग ओला. कपाळावरचं कुंकू जरासं तिरपं. शेवटच्या दिवशी मीच तिले कुंकू लावलं होतं, तवा हात थरथरला होता. हे मी कोणालेच सांगितलं नव्हतं. चित्रापुढं बसून पोटभर रडली मी, आनंदानं.

आमच्या यांनी विचारलं, "कधी पुरं केलं वं?"

"पहाटे," मी म्हटलं. दुसरं काय सांगू?

आता घरी आलेल्या बाईले 'जा' कसं म्हणावं? उलट तिचा हात रिकामा राहू नये म्हणून मीच एक कोरा कॅनव्हास आईच्या चित्राशेजारी लावून ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यावर मी होती. पार म्हातारी, केस पांढरेफट्ट, सुरकुत्याच सुरकुत्या. आई शेवटच्या दिवसाची काढली, तं मीबी शेवटच्या दिवसाचीच असणार. मी खुश! म्हटलं, चला, लंबी उमर आहे.

पण बाईंचं समाधान होईना. रोज सकाळी रंग ओला. रोज काही सुरकुत्या कमी. हे म्हणत, "वा! चित्रात तं जवान होऊन राहिली तू!" मी हसे. काल चित्रातल्या केसांत काळी बट दिसली, तवा मात्र हसू आलं नाही.

आज सकाळी चित्राशेजारी उभी राहून मी आरसा धरला. किती वेळ पाहिलं... फरक सापडला नाही. मंग चित्रातल्या गालावर हळूच बोट टेकवलं.

रंग वाळला होता.